पावसाआधी टायर कसे तपासावेत आणि नवी जोडी कुठे बसवावी

गोव्यात हे काम मे महिन्यातच उरकावे. पहिल्या सरींत रस्त्यावरचे तेल आणि तांबडी माती एकत्र होते, आणि चोर्ला किंवा अनमोड घाटातल्या वळणावर घासलेला टायर लगेच उघडा पडतो.

१. स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा, म्हणजे पुढच्या टायरची आतली कडही दिसेल. अलाइनमेंट बिघडले की बरेचदा तीच आधी झिजते. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी, फक्त मधला भाग झिजला असेल तर जास्त. नक्षीवरून आडवा हात फिरवा: एकीकडून गुळगुळीत आणि उलट करवतीसारखे लागले तर टो (वरून पाहता चाके किती आत किंवा बाहेर वळलेली आहेत ते) बिघडला आहे. जागोजागी खड्डे पडले असतील तर शॉकअप तपासा.

२. खाचेची खोली मोजा. नव्या टायरला साधारण ७-८ मिमी असते, कायद्याने किमान १.६ मिमी लागते. खाचेच्या तळाशी असलेल्या आडव्या पट्टीच्या पातळीला नक्षी आली की टायर बाद. आपल्याकडच्या पावसात मात्र एवढी वाट पाहू नये. ३ मिमीलाच बदलावा. उथळ खाचेतून पाणी बाहेर फेकले जात नाही, टायर पाण्यावर तरंगतो आणि स्टिअरिंग एकदम हलके लागते. तेव्हा ब्रेक न मारता एक्सिलरेटर सोडावा, स्टिअरिंग सरळ धरावे.

३. हवा टायर थंड असताना, ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरप्रमाणे भरा. कमी हवेत टायरची बाजू दुमडते आणि गाडी उशिरा वळते.

४. दोनच टायर घ्यायचे असतील तर नवे मागे बसवा. गाडी पुढच्या चाकांवर चालते म्हणून नवे पुढे, असे दुकानात हमखास सांगतील. ऐकू नका. पुढची चाके घसरली तर गाडी सरळ जाऊ पाहते. वेग कमी केला की बहुधा सावरते. मागची घसरली की गाडी गर्रकन फिरते, आणि ओल्या घाटात ती सावरणे सराईतालाही जड जाते.

५. एका अ‍ॅक्सलवर, म्हणजे पुढच्या किंवा मागच्या जोडीत, एकाच मापाचे, एकाच नक्षीचे टायर हवेत. जीपला मड टायर (चिखलासाठीचे) दिसतात झकास, पण ओल्या डांबरावर साधा हायवे टायरच बरा. घेताना बाजूवरचे चार आकडे वाचा: २३२४ म्हणजे टायर २०२४ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला.

नवा टायर सुरुवातीला निसरडा असतो. पहिले दीडदोनशे किलोमीटर जपून चालवा.