डिस्क गोल्फ: आधी पाय, मग हात

डिस्क गोल्फ म्हणजे कमीत कमी फेकींत चकती टोपलीत टाकायचा खेळ. खानापूरजवळच्या माळावर वर्षभर डिस्क फेकतोय. १७५ ग्रॅमची चकती हातातून सुटली की नाक, म्हणजे पुढची कड, वर करून चढायची आणि लगेच डावीकडे कोसळायची. मी खांद्याला दोष देत होतो. मोबाईलवर स्लो मोशन बघितलं तेव्हा कळलं: उजवा पाय टेकायच्या आधीच हात ओढला जात होता, वजन मागच्या डाव्या पायावरच राहत होतं.

तालमीत घडलेल्या मामांना व्हिडिओ दाखवला. "आधी पाय रोव की रे, मग ओढ," म्हणाले. अगदी नेमकं बोलले.

मग एक्स-स्टेप, म्हणजे फेकण्याआधी एक पाय दुसऱ्याच्या मागून टाकत घ्यायची पावलं, बंद. पंधरा दिवस जागेवरूनच फेकलं. वजन डाव्या पावलाच्या आतल्या कडेवर धरायचं. बाहेरच्या कडेवर गेलं की वेळेत परत येत नाही. उजवं पाऊल लक्ष्याकडे न रोखता आडवं टेकायचं, चवड्यावरून टाचेवर यायचं. तो पाय घट्ट रोवला की कंबर फिरते, हात सगळ्यात शेवटी. फेकल्यावर टाचेवर वळायचंच, नाहीतर गुडघ्याला पीळ बसतो.

एक्स-स्टेप परत सुरू केली ती चालत: उजवा, डावा मागून, उजवा. चकती आता सपाट निघते. पावसात तांबडी माती निसरडी होते, तेव्हा मात्र अजूनही जागेवरूनच.