डिस्लेक्सिया असलेल्या मुलासाठी शाळेकडे काय मागावं, कसं मागावं

माझ्या मुलाची तिसरीतली मराठीची वही मी जपून ठेवली आहे. तिच्या एका पानाला भोक पडलंय. 'धरण' लिहायचं होतं. त्यानं 'घरण' लिहिलं, खोडलं, पुन्हा 'घरण'च लिहिलं, पुन्हा खोडलं. खाली लाल शाईत शेरा आहे, 'लक्ष देत नाही'. कागद फाटेपर्यंत खोडणाऱ्या मुलाबद्दल असं लिहिलेलं आजही वाचवत नाही. वर्षभर आम्हीही घरी त्याला तेच ऐकवत होतो, हे आठवलं की जास्त त्रास होतो.

पुढे कळलं, त्याला डिस्लेक्सिया आहे, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचायला-लिहायला अडचण येते. या सगळ्यातून एक शिकले. शाळेला 'जरा सांभाळून घ्या' म्हणून काही होत नाही. नेमकं काय करायचं ते सांगावं लागतं.

१. आधी नोंदी ठेवा

आधी डोळे आणि कान तपासून घ्या. मग महिनाभर तारीख घालून चुका टिपा. घ-ध, भ-म यांची अदलाबदल होते का, 'पर्वत'चा 'पवर्त' होतो का, जोडाक्षर आलं की अडतो का, वाचताना ओळ सुटते का, फळ्यावरचं उतरवताना अर्धं राहतं का. तीच चूक पुन्हा पुन्हा दिसली तरच ती महत्त्वाची. शेजारच्या रकान्यात त्याला काय छान जमतं तेही लिहा. माझा मुलगा एकदा ऐकलेली गोष्ट तपशिलासकट सांगायचा. पुढे बाईंना सगळ्यात जास्त उपयोग याच रकान्याचा झाला.

२. वर्गशिक्षिकेला वेगळी वेळ मागून भेटा

पालकसभेत हा विषय काढू नका. मागे रांग लागलेली असते आणि मूल शेजारी उभं राहून सगळं ऐकत असतं. नोंदींचं एक पान घेऊन जा आणि पहिल्या भेटीत तीनच गोष्टी मागा.

एक, त्याला फळ्यासमोर पुढच्या बाकावर बसवा. दोन, अचानक उभं करून धडा वाचायला लावू नका. वाचायला द्यायचाच असेल तर कुठला परिच्छेद ते आदल्या दिवशी सांगा, म्हणजे तो घरी तयारी करून येईल. तीन, फळ्यावरचा गृहपाठ अपुरा राहिला तर मित्राच्या वहीवरून पूर्ण करू द्या.

मी बाईंना म्हटलं होतं, "अभ्यास कमी देऊ नका बाई, लिहायचं कमी द्या." शुद्धलेखनाचे वीस शब्द असतील तर याला दहा. बाकीचे तोंडी विचारा. एका वर्गात चाळीस-पन्नास मुलं सांभाळणाऱ्या बाईंना रोज जमेल एवढंच मागितलं, तर ते होतं.

३. तपासणी लांबणीवर टाकू नका

डिस्लेक्सियाचं प्रमाणपत्र साधारण आठ वर्षं पूर्ण झाल्यावर मिळतं. त्यासाठी बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि विशेष शिक्षक तपासतात. बुद्ध्यंकाची चाचणी होते, मग वाचन-लेखन-गणिताची. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात यासाठी वेगळा विभाग आहे. इतरत्र जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. तालुक्याच्या गट साधन केंद्रात समग्र शिक्षा योजनेतले विशेष शिक्षक असतात, त्यांना जरूर भेटा. बरेच पालक दहावीच्या तोंडावर धावपळ करतात, तेव्हा फार उशीर झालेला असतो.

४. मग अर्ज लेखीच द्या

अर्ज मुख्याध्यापकांच्या नावे लिहा, प्रमाणपत्राची प्रत जोडा आणि आपल्या प्रतीवर पोच घ्या. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता हा त्यातलाच एक. डिस्लेक्सिया यातच मोडतो. याच कायद्याच्या कलम १७ मध्ये जादा वेळ, लेखनिक (मुलानं सांगितलेली उत्तरं लिहून देणारी व्यक्ती), दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट यांचा स्पष्ट उल्लेख आहे. अर्जात कलमाचा आकडा लिहा. आपण उपकार मागत नाही, हे त्यातून समजतं.

बोर्डाच्या परीक्षेत दर तासाला २० मिनिटं जादा मिळतात, म्हणजे तीन तासांच्या पेपरला पूर्ण एक तास. ही सवलत घटक चाचणी आणि सत्र परीक्षेतही मागा. आम्हाला आधी 'शाळेच्या परीक्षेला कशाला?' असं उत्तर मिळालं होतं. पण मिळालेला वेळ वापरायची सवय दहावीच्या हॉलमध्ये एकदम कशी लागेल?

५. घरी थोडंच, पण रोज करा

परातीत रवा पसरा आणि त्यात बोटानं अक्षर गिरवून घ्या, तोंडानं उच्चार करत. आपल्या आजी-आजोबांची धुळपाटी हीच. एका दिवशी 'घ' आणि 'ध' दोन्ही घेऊ नका. 'घ' पक्का झाल्यावरच 'ध'. वाचताना ओळीखाली पट्टी धरायला द्या. वीस मिनिटं पुरे. रडू यायच्या आत थांबवा.

६. लेखनिक घेणार असाल तर सराव करा

उत्तर माहीत असणं वेगळं आणि दुसऱ्याला लिहून घेता येईल असं सांगणं वेगळं. माझा मुलगा सुरुवातीला इतक्या भरभर बोलायचा की लिहिणाऱ्या मुलीचा हात मागे पडायचा, मग तो चिडायचा. आम्ही दर रविवारी जुना पेपर घेऊन बसायचो. तो सांगणार, मी लिहिणार. वाक्य संपलं की थांबायचं, नवा मुद्दा आला की 'पुढची ओळ' म्हणायचं, शेवटी सगळं वाचून दाखवायला सांगायचं. चार-पाच रविवारांनंतर तो मलाच म्हणाला, "आई, तू 'धरण' बरोबर लिहिलंस ना? एकदा बघ."