वहीतलं गाव आणि गल्लीतलं गाव: नगरपरिषदेत नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी

२०२३ मध्ये नगरपरिषद प्रशासन संचालनालयाने नगरपरिषद राज्यसेवेतल्या १७८२ पदांची जाहिरात काढली. त्यात सगळ्यात जास्त, म्हणजे ५७९ पदं, कर निर्धारण व प्रशासकीय सेवेची होती. मी त्याआधीपासून याच सेवेत आहे. सध्या सोलापूर जिल्ह्यातल्या एका क वर्ग नगरपरिषदेत. त्या भरतीतून आलेली मुलं-मुली आता आमच्यासारख्या गावांत कामाला लागली आहेत, आणि पुढच्या भरतीची तयारी करणारेही अधूनमधून भेटायला येतात. सगळ्यांचा प्रश्न साधारण एकच: गेल्या गेल्या आधी काय शिकायचं?

माझं उत्तर असं. एक गाव आपल्या रजिस्टरांत असतं आणि एक गल्लीबोळात. ही दोन्ही जिथे जुळत नाहीत, तिथे माणसाला हेलपाटे पडतात. घर आजोबांच्या नावावर आणि राहतायत नातवंडं, जन्मनोंदीत नाव वेगळं आणि आधारला वेगळं, नकाशात पाइप एका बाजूला आणि खोदलं की निघतो दुसऱ्याच बाजूला. ही तफावत हुडकायची आणि आपल्या हातून होईल तेवढी मिटवायची, हेच आपलं रोजचं काम. परीक्षेच्या अभ्यासात हे कुणी सांगत नाही.

क वर्ग म्हणजे ४० हजारांपर्यंत लोकसंख्येचं गाव. आस्थापना, लेखा, कर, बांधकाम, पाणीपुरवठा, आरोग्य हे सगळे विभाग एकाच इमारतीत, आणि बरीच पदं रिक्त. तुमचा आदेश कर विभागाचा असला तरी निवडणुकीची मतदारयादी, घरकुलाचे अर्ज, फेरीवाल्यांचं सर्वेक्षण असं काहीही तुमच्या वाट्याला येईल. घाबरू नका. १९६५ चा नगरपरिषदांचा अधिनियम एका दमात वाचायचा प्रयत्नही करू नका. आधी कलम ४९ वाचा. नगरपरिषदेने काय केलंच पाहिजे आणि काय ऐच्छिक आहे, ते तिथे लिहिलं आहे. दिवाबत्ती, पाणी, सफाई, दहनभूमी-दफनभूमी, जन्म-मृत्यूची नोंद ही आवश्यक कर्तव्यं आहेत. 'निधी नाही' हे उत्तर यातल्या प्रत्येक गोष्टीला देता येत नाही, हे पहिल्या दिवसापासून लक्षात असू द्या.

आता कराचं बघू, कारण बहुतेकांची सुरुवात तिथेच होते. मालमत्तेचं वर्षाचं अपेक्षित भाडं काढायचं, त्यातून दुरुस्तीपोटी १० टक्के वजा करायचे, राहतं ते करयोग्य मूल्य आणि त्यावर कर. हा हिशेब सोपा आहे, अवघड आहे ते जागेवरचं चित्र. पेठेतलं एक घर सांगतो. रजिस्टरमध्ये एकच मिळकत, मालक दिवंगत आजोबा, बांधकाम माती-विटांचं. जागेवर तीन भावांनी तीन भाग केलेले; पुढच्या भागात किराणा दुकान, मधे स्लॅबचं घर, मागे दोन भाडेकरू. मोठा भाऊ सगळा कर भरायचा आणि मनात कुढायचा. धाकट्याला वाटायचं, नाव नाही म्हणजे आपला हक्कच नाही. अशा वेळी टेप घेऊन आत जा, प्रत्येक खोलीचं माप घ्या, वापर लिहा. 'मालक' आणि 'भोगवटादार' (म्हणजे जागा प्रत्यक्ष वापरणारा) हे दोन रकाने वेगळे का आहेत, ते तिथे उभं राहिल्यावर कळतं.

त्याच वेळी घरच्यांना एक गोष्ट स्पष्ट सांगायची: कराच्या रजिस्टरला नाव लागलं म्हणजे मालकी सिद्ध होत नाही. ती खरेदीखत, वाटणीपत्र, सिटी सर्व्हेचा उतारा यांवर ठरते. आपण नोंद करतो ती कर कुणाकडून घ्यायचा यासाठी. हे न सांगितल्यामुळे भावाभावांत किती वाद पेटतात आणि ते किती वर्षं चालतात, हे मी जवळून पाहिलं आहे. दोन मिनिटं लागतात सांगायला. सांगाच.

चतुर्वार्षिक आकारणीच्या वर्षी गावात वातावरण तापतं. नोटिसा निघतात, हरकती येतात, सुनावण्या लागतात. सुनावणीला आलेला माणूस बहुतेक वेळा आकड्यापेक्षा 'शेजाऱ्याला कमी कसा?' हे विचारायला आलेला असतो, आणि त्याचा प्रश्न रास्त असतो. त्याच्यासमोर दोन्ही घरांची मापं आणि वापर ठेवा. फरक समजला की निम्म्या हरकती तिथेच मिटतात. फरक समजावून सांगता आला नाही, तर आकारणीच पुन्हा तपासायला हवी.

मार्च महिना वसुलीचा. रिक्षावर भोंगा फिरतो, थकबाकीदारांच्या याद्या लागतात, नळजोड तोडायची पथकं निघतात. थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती, म्हणजे दंड, चढते, त्यामुळे गरीब घराची बाकी काही वर्षांतच आवाक्याबाहेर जाते. म्हणून मी नव्यांना सांगतो, वसुलीची खरी वेळ बिलं वाटताना असते. बिल हातात देताना एकदा बोललं, हप्त्याने भरायची सवय लावली, तर मार्चमध्ये कुणाच्या दारात पथक न्यावं लागत नाही. मोठ्या थकबाकीदाराला सवलतीचे दिवस आणि विधवा बाईच्या नळाला कुलूप, असं आपल्या हातून होता कामा नये.

जन्म-मृत्यूची खिडकी अनेकांना दुय्यम वाटते. माझ्या मते आख्ख्या कचेरीत सगळ्यात नाजूक काम तिथे चालतं. नोंद घटना जिथे घडली तिथे होते, माणूस राहतो तिथे नाही. आसपासच्या खेड्यांतली बाळंतपणं गावातल्या दवाखान्यांत होतात, त्यामुळे त्या मुलांची नोंद आपल्याकडे असते; आणि आपल्या गावातलं मूल सोलापूरला जन्मलं असेल तर त्यांना महानगरपालिकेतच जावं लागतं. हे आधी विचारलं तर माणसाची एक एसटीची खेप वाचते. २१ दिवसांच्या आत कळवलं तर शुल्क नाही. वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय नोंद घेता येत नाही. बाळाचं नाव ठरलं नसेल तर नावाविना नोंद होते. वर्षाच्या आत नाव विनाशुल्क घालता येतं, पुढे १५ वर्षांपर्यंत शुल्क भरून. १ ऑक्टोबर २०२३ पासून कायद्यातली दुरुस्ती लागू झाली आहे. त्या तारखेपासून पुढे जन्मलेल्या मुलांच्या शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच चालणार. आज आपण टाइप केलेलं एक अक्षर त्या मुलाला पन्नास वर्षं पुरणार आहे. आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव मोठ्याने वाचून दाखवा, समोरच्याकडून खात्री करून घ्या आणि मगच पुढे पाठवा. लिहिता-वाचता न येणारी आजी आली असेल तर सोबत कोण आहे ते बघा. कुणी नसेल तर आशाताईंना फोन करून नावं पडताळा.

जुन्या नोंदवह्यांची किंमत आम्हा सगळ्यांना २०२३ च्या अखेरीस कळली. न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी कुणबी नोंदी तपासायचे आदेश निघाले आणि अभिलेख कक्षाची कुलपं उघडली. वह्या मोडीत. पानांच्या कडा विरलेल्या, काही पानं एकमेकांना चिकटलेली. आमच्याकडे मोडी वाचणारं कुणी नव्हतं. बाहेरून जाणकार बोलवावे लागले. बाहेर ओट्यावर माणसं पणजोबांचं नाव आणि अंदाजे साल लिहिलेल्या चिठ्ठ्या घेऊन बसलेली असायची. जाणकार पानावर बोट ठेवून एकेक अक्षर जुळवत वाचत, आम्ही देवनागरीत उतरवून घेत होतो. तुमच्या नगरपरिषदेत अशा वह्या कुठे आहेत, कोरड्या जागी आहेत का, स्कॅन झाल्यात का, हे रुजू झाल्यावर लगेच विचारा. मोडीचे वर्ग बऱ्याच ठिकाणी चालतात. आपल्यापैकी दोघातिघांनी जरी शिकून घेतली तरी शेजारच्या चार गावांचं काम होईल.

पाण्याचं ज्ञान मात्र कागदात शोधू नका. आमच्याकडचं पाणी उजनीवरून येतं. जॅकवेल म्हणजे पाणी उचलायच्या विहिरीवरचे पंप, शुद्धीकरण केंद्र, उंच टाक्या, मग गावातल्या वाहिन्या. यातल्या शेवटच्या टप्प्याचा पक्का नकाशा बहुतेक छोट्या गावांत नाही. तो व्हॉल्व्हमनच्या डोक्यात असतो. कुठला व्हॉल्व्ह किती आटे फिरवला की चढावरच्या वस्तीला पाणी पोचतं, कुठला जोड दर पावसाळ्यात निसटतो, हे त्यालाच ठाऊक. आमच्याकडचे एक मामा निवृत्त व्हायच्या आधी आम्ही त्यांच्यासोबत पहाटे फिरून प्रत्येक चेंबरवर ऑइलपेंटने क्रमांक टाकले आणि मोबाइलवर जागा नोंदवल्या. तुमच्याकडचे असे मामा निवृत्तीला आले असतील तर हे काम पुढच्या आठवड्यावर टाकू नका.

तसंच ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यातल्या क्लोरीनची ऑर्थोटोलिडीन चाचणी, करायला शिका. छोट्या नळीत पाणी घ्यायचं, त्या द्रावणाचे दोन थेंब टाकायचे, पिवळा रंग आला की क्लोरीन आहे. किती आहे ते रंगाच्या पट्टीवरून कळतं, नळाशी ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर तरी राहिलंच पाहिजे. नमुना मात्र टाकीजवळच्या घरातून घ्यायचा नाही. शेवटच्या गल्लीतल्या शेवटच्या नळाचा घ्यायचा, कारण गॅस्ट्रोची साथ तिथूनच सुरू होते. टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडरचं पोतं उघडं राहिलं तर तिचा जोर जातो, हेही बघत जा.

सफाईच्या कामाबद्दल एवढंच: पहाटेच्या हजेरीला निदान महिनाभर जा. मुकादमाला विचारा, हातमोजे आणि गमबूट किती जणांकडे आहेत, घंटागाडीत ओला-सुका वेगळा येतो का, कुठली गल्ली रोज राहते. सेप्टिक टँकमध्ये किंवा ड्रेनेजच्या चेंबरमध्ये विनासुरक्षा माणूस उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. कुणी कितीही घाई केली, कितीही वरून फोन आला, तरी माणूस उतरवायचा नाही; मैला उपसायची गाडी येईपर्यंत थांबायचं. छोट्या गावाला हे जमत नाही असं कुणी म्हणालं तर वेंगुर्ल्याचं उदाहरण द्या, त्यांच्या कचरा डेपोची बाग झाली. सासवड २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाच्या आतल्या शहरांत देशात पहिलं आलं. पाण्यात कराडशेजारच्या मलकापूरने मीटर बसवून चोवीस तास पुरवठा करून दाखवला.

पैशांचं गणितही समजून घ्या, कारण लोक तुम्हालाच विचारणार. १९९९ मध्ये नगरपरिषदांची जकात गेली आणि तेव्हापासून पगाराचा मोठा भाग शासनाच्या सहायक अनुदानावर चालतो. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी आपल्यासारख्या शहरांच्या निधीतला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेला बांधून दिला. त्यामुळे खात्यात रक्कम दिसते, तरी ती रस्त्याला वापरता येत नाही. हे असंच, सोप्या भाषेत सांगितलं की लोकांना पटतं. उडवाउडवी केली की संशय येतो.

आता सभागृहाचं. बऱ्याच नगरपरिषदांत वर्षानुवर्षं प्रशासक होते. २०२५ च्या डिसेंबरमध्ये २४६ नगरपरिषदा आणि ४२ नगरपंचायतींच्या निवडणुका झाल्या, नगराध्यक्ष थेट जनतेतून आले. अलीकडच्या भरतीतल्या अनेकांनी त्याआधी सभागृह पाहिलेलंच नव्हतं. नगरसेवकाचा फोन म्हणजे दबाव, असं धरून चालू नका. बहुतेक फोन नळ, दिवा आणि गटाराचे असतात आणि ते खरे असतात. फोन आला की वहीत लिहा, कधी होईल ते सांगा, होणार नसेल तर का नाही ते सांगा. नियमबाह्य काही सांगितलं तर वाद न घालता टिपणी लिहा. टिपणीत विषय, आधी काय झालं, नियम काय म्हणतो, खर्च किती आणि कुठून, तुमचा अभिप्राय काय, हे सगळं आलं पाहिजे. नुसतं 'आदेशार्थ सादर' लिहून नस्ती, म्हणजे फाइल, वर ढकलू नका. कलम ३०८ खाली जिल्हाधिकारी ठरावाची अंमलबजावणी थांबवू शकतात. तशी वेळ आली तर तुमची स्वच्छ टिपणीच कामाला येते.

खिडकीवर बसाल तेव्हा २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाखालचा फलक तुमच्या मागे लावलेला असतो. सेवा, मुदत, पदनिर्देशित अधिकारी, अपील कुणाकडे. तो पाठ करा. मुदतीत सेवा दिली नाही तर ५०० ते ५००० रुपयांचा दंड होऊ शकतो, पण मुदत पाळायची ती दंडाच्या भीतीने नव्हे. पोचपावतीवर तारीख घालून दिली की माणसाला पुन्हा यायचं केव्हा ते कळतं, आणि मजुरी बुडवून तो उगाच येत नाही. अर्ज अपुरा असेल तर सगळ्या त्रुटी एकाच वेळी लिहून द्या. आज एक कागद, परवा दुसरा, असं कुणाच्याही बाबतीत करू नका.

तीन-चार वर्षांनी बदली होईल. पदभार देताना यादीत कपाटं आणि खुर्च्या लिहायची पद्धत आहे, तेवढ्यावर थांबू नका. कुठल्या सुनावण्या बाकी आहेत, कुठल्या घराची मोजणी अर्धी राहिली, कुणाला कुठल्या तारखेला बोलावलं आहे, कुठल्या प्रकरणात कोर्टाची तारीख आहे, हे वेगळ्या कागदावर लिहून येणाऱ्याच्या हातात द्या, आणि पहिले दोन महिने त्याचे फोन उचला.