डेटाशीट उघडण्याआधी: गॅस ट्रीटमेंटचं डिझाइन प्रेशर आणि टेम्परेचर

डिझाइन प्रेशर, म्हणजे उपकरणाने झेलायचा कमाल दाब, ठरवताना रोजचं ऑपरेटिंग प्रेशर घ्यायचं, दहा टक्के मिळवायचे आणि पुढच्या उपकरणाकडे वळायचं, ही सवय आधी सोडा. दहा टक्के किंवा 1.7 ते 2 बार, यातलं जे जास्त ते, ही मोकळीक मुख्यतः सेफ्टी व्हॉल्व्हसाठी असते. स्प्रिंगचा व्हॉल्व्ह सेट प्रेशरच्या फार जवळ चालवला की गळायला लागतो. उपकरणाचा आकडा ठरतो तो शेजारी कोण बसलंय यावरून. म्हणून पीएफडीची, म्हणजे प्रोसेसच्या प्रवाह-आराखड्याची, मोठी प्रिंट काढा, लाल पेन घ्या आणि प्रेशर जिथे जिथे उतरतं तिथे रेघ मारा. त्या रेघांवरच बहुतेक काम आहे.

समजा अमाइन अॅब्सॉर्बर (गॅसमधले आम्ल वायू अमाइनच्या द्रावणात शोषून घेणारा कॉलम) 70 बारवर चालतो आणि खालचं रिच अमाइन, म्हणजे ते वायू शोषलेलं द्रावण, लेव्हल कंट्रोल व्हॉल्व्हमधून 6 बारच्या फ्लॅश ड्रममध्ये पडतं. व्हॉल्व्ह उघडा अडकला तर आधी अॅब्सॉर्बरमधली लेव्हल संपते, मग 70 बारचा गॅस सरळ ड्रममध्ये शिरतो. ड्रमपुढे ‘8 बार’ लिहून मोकळं होण्याआधी त्या व्हॉल्व्हचा सीव्ही (तो किती प्रवाह जाऊ देतो तो आकडा) हाताशी हवा, त्याचा बायपास कोणी उघडा ठेवू शकतो का ते माहीत हवं, आणि फ्लेअर हेडरचं (सोडलेला गॅस जाळायला नेणाऱ्या मुख्य लाइनचं) बॅकप्रेशरही हवं. हिशेबात सेफ्टी व्हॉल्व्ह अवाढव्य निघाला तर ड्रमचंच डिझाइन वर न्या. जाड पत्रा बऱ्याचदा मोठ्या फ्लेअर लाइनपेक्षा स्वस्त पडतो, पण प्रोजेक्टच्या सुरुवातीलाच. ऑर्डर गेल्यावर नाही. आणि इन्स्ट्रुमेंटवाल्यांनी नंतर व्हॉल्व्हमध्ये मोठा ट्रिम (प्रवाह ठरवणारे आतले भाग) टाकला तर हा हिशेब पुन्हा करायचा, हे ड्रमच्या डेटाशीटवरच लिहून ठेवा.

एक्स्चेंजरमध्ये ट्यूब फुटली तर काय, हा पुढचा प्रश्न. हायड्रोटेस्ट, म्हणजे पाणी भरून घेतलेली दाबाची चाचणी, डिझाइनच्या 1.3 पट असेल तर कमी प्रेशरच्या बाजूचं डिझाइन जास्तीच्या बाजूच्या दहा-तेरांश ठेवतात. गॅसची बाजू 77 बारची असेल तर कूलिंग वॉटरची बाजू साधारण 60 ची. पण शेल 60 चा केला आणि त्याला जोडलेली पाण्याची लाइन 10 चीच राहिली, तर काय कमावलं? पुढची लाइन कुठवर टिकते ते बघूनच हा मार्ग धरा. पंपाच्या पुढे शटऑफ हेड (पुढचा व्हॉल्व्ह बंद असताना पंप देतो तो दाब) अधिक सक्शनचं जास्तीत जास्त प्रेशर धरा, आणि कंप्रेसर बंद पडल्यावर दोन्ही बाजू मिळून जे सेटल-आउट प्रेशर येतं त्याच्या वर सक्शन ड्रम. हे दोन आकडे व्हेंडरकडून येईपर्यंत गृहीतक म्हणून वेगळ्या रंगात लिहा. उभ्या कॉलममध्ये डिझाइन प्रेशर माथ्यावरचं असतं. खाली द्रवाची उंची मिळवा. हायड्रोटेस्टला तर पूर्ण कॉलम पाण्याने भरतो, म्हणजे दर दहा मीटरला जवळजवळ एक बार जास्त.

रीजनरेटर, म्हणजे अमाइन तापवून शोषलेले वायू काढून टाकणारा कॉलम, जेमतेम एक-दीड बारवर चालतो म्हणून त्याच्याकडे कोणी फारसं बघत नाही. स्टीम-आउट करून, म्हणजे वाफेने आतून साफ करून, व्हेंट बंद केला आणि आतली वाफ निवली की तो आत चेपतो. फुल व्हॅक्यूमचा रकाना रिकामा सोडू नका.

आता तापमान. हवेचा आकडा साइटचा घ्यायचा, ऑफिसचा नाही. काम गुजरातेतल्या हजिऱ्याचं असेल तर तिथलं हवामान. स्किड (सांगाड्यावर जुळवून आणलेलं युनिट) नागपूरजवळच्या बुटीबोरीला बसणार असेल तर 23 मे 2013 ला नागपुरात नोंदलेलं 47.9 अंश डोळ्यांसमोर हवं. राजेहो, 2024 च्या मे अखेरीस इथे 56 अंशांची बातमी सगळीकडे फिरली होती, आणि हवामान खात्याने नंतर तो सेन्सरचा दोष असल्याचं सांगितलं. डिझाइन बेसिस बातमीवरून भरत नाहीत. मात्र नवतप्यात वीज गेली आणि एअर कूलरचे पंखे थांबले, तर पुढच्या सेपरेटरला किती गरम गॅस मिळेल हे नक्की काढा.

मॉलेक्युलर सीव्हच्या (गॅसमधलं पाणी शोषणाऱ्या दाण्यांच्या) ड्रायरवर जास्त वेळ द्या. वाळवताना 40 अंश, रीजनरेशनला (दाणे तापवून पाणी काढताना) 290 च्या आसपास, आणि हे चक्र रोजचं. कार्बन स्टीलचा 300 क्लासचा (क्लास म्हणजे दाबाची श्रेणी) फ्लँज 38 अंशांना 51.1 बार झेलतो, 300 अंशांना फक्त 39.8. म्हणजे 48 बारचा ड्रायर थंडीत 300 क्लासमध्ये बसतो, गरम असताना बसत नाही. रीजनरेशन त्याच प्रेशरला असेल तर 600 क्लास घ्यावा लागेल. कमी प्रेशरला असेल तर दोन्ही जोड्या वेगवेगळ्या लिहा: जास्त प्रेशर कमी तापमान, कमी प्रेशर जास्त तापमान. सगळ्यात मोठं प्रेशर आणि सगळ्यात मोठं तापमान एकत्र बांधून टाकणं सोपं असतं, पण त्याचे पैसे क्लायंट मोजतो.

तापमानाचं खालचं टोक नागपूरच्या थंडीवरून ठरत नाही, डीप्रेशरायझिंगवरून, म्हणजे आतला दाब झपाट्याने सोडण्यावरून ठरतं. नैसर्गिक वायू व्हॉल्व्हमधून उतरताना ढोबळमानाने दर बारला अर्धा अंश गार होतो. आत प्रोपेन साचलेला असेल तर वातावरणाच्या दाबाला तो उणे 42 वर उकळतो. साध्या कार्बन स्टीलसाठी उणे 29 आणि ए-333 ग्रेड 6 च्या पाइपसाठी उणे 46 हे किमान तापमानाचे टप्पे लक्षात ठेवा, आणि त्या थंडीत आत किती प्रेशर शिल्लक असेल तेही शेजारी नोंदवा.

लिक्विफाइड गॅस साठवणारं भांडं यादीत असेल तर 2016 चे एसएमपीव्ही नियम (स्थिर आणि फिरत्या प्रेशर व्हेसल्सचे केंद्राचे नियम) आधी उघडा. 55 अंशांना प्रोपेनचं व्हेपर प्रेशर गेजवर 18 बारच्या आसपास जातं. मंजुरी देणाऱ्या पेसोचं (पेट्रोलियम आणि स्फोटकांच्या सुरक्षेची केंद्रीय संस्था) मुख्यालय आपल्याच नागपुरात सेमिनरी हिल्सवर आहे, पण घर जवळ म्हणून ड्रॉइंग लवकर सुटेल या भ्रमात राहू नका. प्रत्येक आकड्यापुढे तो कुठल्या केसमधून आला ते एका ओळीत लिहा. तपासणारा सगळ्यात आधी तेच विचारतो.