गेंड्याच्या शिंगाच्या तस्करीवर संशोधन करायचंय? आधी आकडा वाचायला शिका

पहिल्या वर्षी मी जगभरातल्या जप्त्यांचा एक तक्ता केला होता. तारीख, विमानतळ, वजन, कुठून कुठे. सहा महिने खपून जमवलेला. आमच्या मॅडमनी तो दहा मिनिटं पाहिला आणि दोन ओळींवर बोट ठेवलं. "ही आणि ही एकच नाही का गं?" एकच होती. ऑगस्ट २०१८ मध्ये क्वालालंपूर विमानतळावर ५० शिंगं पकडली गेली, वजन ११६ किलो, माल हनोईला निघालेला. एका बातमीवरून मी ती मलेशियाच्या खात्यात लिहिली होती, आणि दुसऱ्या बातमीत 'व्हिएतनामला जाणारी' असं वाचून व्हिएतनामच्याही. त्या रात्री सगळा तक्ता पुन्हा पहिल्यापासून तपासला. अशा आणखी सात जोड्या निघाल्या.

या विषयात नव्याने येणाऱ्यांना मी म्हणूनच आधी हेच सांगते: जप्तीचा आकडा हा पकडलेल्या मालाचा आकडा आहे, व्यापाराचा नाही. एखाद्या देशात जप्त्या वाढल्या, तर तिथे तस्करी वाढली असेल, किंवा तिथले कस्टम्सवाले नीट काम करायला लागले असतील. एकाही जप्तीची नोंद नसलेला देश स्वच्छ असतोच असं नाही.

पुढचा घोळ एककांचा. बातमीत कधी 'शिंगं' असतं, कधी 'तुकडे', कधी नुसते किलो. जुलै २०१९ मध्ये हनोईच्या नोई बाई विमानतळावर प्लास्टरच्या ठोकळ्यांत दडवलेले ५५ तुकडे सापडले, वजन १२५ किलो. हे किती गेंडे? सांगता येत नाही. आफ्रिकेतल्या दोन्ही जातींना दोन-दोन शिंगं असतात, आपल्या भारतीय गेंड्याला एकच, आणि तेही बरंच हलकं. शिवाय प्रत्येक शिंगामागे मेलेला गेंडा असतोच असं नाही. दक्षिण आफ्रिकेत गेंड्यांना भूल देऊन शिंगं कापतात, म्हणजे शिकारी त्यांच्या वाटेला जाऊ नयेत. कापलेलं शिंग पुन्हा वाढतं आणि कापलेला भाग साठ्यात जातो. असे साठेही फुटतात. २०२३ मध्ये तिथल्या नॉर्थ वेस्ट प्रांताच्या सरकारी साठ्यातून ५१ शिंगं चोरीला गेली. म्हणून तक्त्यात 'गेंडे' असा रकाना करून भागाकार करू नका. मी केला होता.

शक्य असेल तर एकदा तरी खरं शिंग जवळून पाहा. मला एका न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जप्तीतला तुकडा पाहायला मिळाला. तिथल्या ताईंनी तो उलटा करून पायथ्याची बाजू दाखवली. केस घट्ट दाबून बसवावेत तशी ती दिसत होती, कडेला तंतू सुटे झालेले, जुन्या ब्रशसारखे राठ. आत हाड नाही, पोकळी नाही. आपल्या नखांत असतं तेच केराटिन. शेजारी म्हशीचं शिंग ठेवलं होतं, ते आतून पोकळ. भिंगाखाली गेंड्याच्या तुकड्याच्या कापलेल्या बाजूवर संत्र्याच्या सालीसारखे बारीक ठिपके दिसले. बाजारात गेंड्याचं म्हणून विकलं जाणारं बरंच काही प्रत्यक्षात म्हशीचं निघतं, आणि घासून-पुसून बांगडी केली की नुसत्या डोळ्यांनी फरक कळणं अवघड होतं. तिथे डीएनए लागतो. प्रिटोरिया विद्यापीठाच्या ओंडरस्टेपूर्ट इथल्या प्रयोगशाळेने गेंड्यांच्या डीएनएची नोंदवही उभी केली आहे. तिच्यामुळे परदेशात पकडलेलं शिंग नेमक्या कुठल्या मेलेल्या गेंड्याचं, हे कोर्टात सिद्ध करता येतं. तो तुकडा पुन्हा पाकिटात घालून ताईंनी सील लावलं, तेव्हा मला पहिल्यांदा जाणवलं की माझ्या तक्त्यातली प्रत्येक ओळ कधीतरी एक जिवंत जनावर होती.

आता कागदपत्रांकडे. साइटिस हा वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार १९७५ पासून लागू आहे आणि गेंड्यांच्या सगळ्या जाती १९७७ पासून त्याच्या संरक्षणाखाली आहेत. शिंगाचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. पण दक्षिण आफ्रिकेतून शिकारीची ट्रॉफी, म्हणजे शिकाऱ्याने आठवण म्हणून ठेवलेलं शिंग किंवा मुंडकं, परवान्याने बाहेर नेता येते, आणि देशांतर्गत विक्रीवर २००९ मध्ये घातलेली बंदी २०१७ मध्ये कोर्टात टिकली नाही. म्हणजे देशात परवान्याने विक्री चालते आणि व्यापारासाठी निर्यात गुन्हा ठरते. खरी गंमत नव्हे, खरी गुंतागुंत इथे आहे. चुमलाँग लेमथोंगथाई या थाई नागरिकाचा खटला जरूर वाचा. त्याने थाई बायकांना शिकारी म्हणून उभं केलं. परवाने त्यांच्या नावावर, गोळी दुसऱ्याच कुणाची, शिंगं ट्रॉफी म्हणून बाहेर. २०१२ मध्ये त्याला ४० वर्षांची शिक्षा झाली, अपिलात ती १३ वर्षांवर आली. यातले परवाने खोटे नव्हते, परवान्यामागचा शिकारी खोटा होता. काळा माल पांढऱ्या कागदावरून कसा जातो, ते या एका खटल्यातून जितकं कळतं तितकं दहा अहवालांतून कळणार नाही.

साइटिसचा व्यापाराचा डेटाबेस कुणालाही फुकट वापरता येतो. त्यात एकाच व्यवहाराचे निर्यातदार देशाने कळवलेले आणि आयातदार देशाने कळवलेले असे दोन आकडे असतात, आणि पुष्कळदा ते जुळत नाहीत. नवखा माणूस लगेच 'चोरी सापडली' म्हणून उडी मारतो. थांबा. काही देश दिलेले परवाने मोजतात, प्रत्यक्ष गेलेला माल नाही; डिसेंबरात निघालेलं खोकं जानेवारीत पोचतं. ही कारणं बाजूला काढल्यावरही जी तफावत वर्षानुवर्षं एकाच दिशेने उरते, तिच्यामागे लागा.

शिकारीच्या आकड्यांचंही तेच. दक्षिण आफ्रिकेत २००७ मध्ये १३ गेंडे मारले गेले, २०१४ मध्ये १,२१५ आणि २०२४ मध्ये ४२०. आलेख उतरला म्हणून सुटकेचा श्वास सोडू नका. त्याच दशकात क्रूगर राष्ट्रीय उद्यानातले सुमारे तीन चतुर्थांश पांढरे गेंडे नाहीसे झाले. मारायला उरलेच कमी. त्यामुळे मारलेले गेंडे नेहमी शिल्लक गेंड्यांच्या प्रमाणात मांडा.

मागणीबद्दल लिहिताना 'कामोत्तेजक औषध' हे शब्द आपोआप लेखणीतून उतरतात. ते खोडा. चिनी पारंपरिक वैद्यकात शिंग मुख्यतः तापावर वापरलं जाई, आणि १९९३ मध्ये चीनने त्यावर बंदी घातली. १९७०च्या दशकात येमेनमध्ये जांबिया या वाकड्या खंजिराच्या मुठींसाठी शिंग जाई, कारण सौदीत कमावलेला पैसा तरुणांच्या हातात खेळू लागला होता. नंतर व्हिएतनाममध्ये कॅन्सर बरा होतो ही अफवा, दारूचा उतारा आणि वरिष्ठांना द्यायची भारी भेट अशी कारणं पुढे आली. प्रत्येक बाजाराचं कारण वेगळं, म्हणून त्यावरचा उपायही वेगळा.

भावाबद्दल मी फार कडक आहे. 'सोन्याहून महाग' हे वाक्य छापून आपण नव्या माणसाला या धंद्याची जाहिरात वाचून दाखवतो. भाव लिहायचाच असेल तर कच्च्या शिंगाचा की बांगडीचा, शिकाऱ्याच्या हातातला की दुकानातला, कुठल्या वर्षीचा, हे सगळं सोबत लिहा. गेंडे नेमके कुठे आहेत आणि गस्त कशी चालते, हे प्रबंधातही छापू नका. आणि गिऱ्हाईक बनून कुणाशी बोलणी करायला जाऊ नका. ते प्रशिक्षित तपास पथकांचं काम आहे. तुमच्या एका फोनमुळे कुणाचा वर्षभराचा सापळा उधळू शकतो.

माझ्याकडे कुणी शिकायला आलं की मी त्यांना एकच जप्ती देते. एखादा विमानतळ, एक तारीख. तिथून पुढे जायचं: पकडलं कुणाला, गुन्हा कुठल्या कलमाखाली, आरोपपत्र कधी, निकाल काय, शिंगं आता कुठे आहेत. बहुतेकदा माग दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवरच तुटतो. माल पकडलेला असतो आणि पाठवणाऱ्याचं नावच कागदावर येत नाही. मग मुलं तो रकाना रिकामा सोडतात. मी त्यांना तिथे लिहायला लावते: 'शोधलं, सापडलं नाही', आणि खाली त्या दिवसाची तारीख.