जुन्या लष्करी ट्रकची सेवानोंद कशी शोधावी

चिऱ्यांच्या खाणीवर हयात घालवलेला शक्तिमान, म्हणजे लष्करातून निघालेला जुना ट्रक, विकत घेतला, की तो लष्करात कुठे होता याची कहाणी विकणाराच ऐकवतो. राजापूर-लांज्याकडे मला दाखवलेला प्रत्येक ट्रक एकाहत्तरच्या युद्धावर जाऊन आलेला होता. जबलपूरला १९५९ पासून १९९६ पर्यंत हे ट्रक तयार होत असल्यामुळे त्यांतले कितीतरी त्या युद्धानंतरचे आहेत, एवढे लक्षात ठेवावे आणि ऐकीव माहिती बाजूला सारून चॅसीवर (ट्रकच्या लोखंडी सांगाड्यावर) कोरलेला चॅसी क्रमांक व लष्कराने दिलेला लष्करी क्रमांक शोधायला घ्यावेत.

खरी अडचण हे क्रमांक वाचण्यात आहे. किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेने चॅसीला पापुद्रे सुटलेले असतात. माझ्या पहिल्या ट्रकच्या वेळी मेस्त्रीचे ऐकून मी ग्राइंडरला तारेचा ब्रश लावला. गंज निघाला आणि त्यासोबत शेवटचे दोन अंकही गेले. तेव्हापासून त्या जागी यंत्र लावू देत नाही. रॉकेलमध्ये भिजवलेले फडके रात्रभर बांधून ठेवावे, सकाळी जुन्या टूथब्रशने घासावे आणि आरटीओचे एजंट घेतात तशी पातळ कागदावर पेन्सिल आडवी फिरवून प्रिंट घ्यावी. एका प्रिंटवर विसंबू नये; ३ आणि ८ यांत माझी दोनदा फसगत झाली आहे. बॅटरीचा झोत बाजूने, अगदी तिरका पाडला तर असा अंक उलगडतो.

लष्करी क्रमांक बंपरवर किंवा मागच्या फाळक्यावर, नंतरच्या रंगाखाली असतो. थिनर मुळीच वापरू नये, कारण त्याने सगळे थर एकत्र विरघळतात. ४०० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून हलक्या हाताने घासावे आणि पांढरे दिसताच थांबावे. हिरवा रंग लागेपर्यंत घासा, असे सांगणारे भेटतात. पण आकडे त्या हिरव्याच्या वर रंगवलेले असतात, त्यामुळे तिथवर पोहोचेपर्यंत ते पुसले गेलेले असतात. या क्रमांकातल्या वर टोक असलेल्या बाणापुढचे दोन अंक म्हणजे लष्कराने वाहन घेतल्याचे वर्ष. ते निर्मितीचे वर्ष समजू नये.

यानंतर आरटीओत नोंदणीची मूळ फाइल मागावी. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ४७ प्रमाणे लष्करातून आलेल्या वाहनाच्या नोंदणीसाठी नमुना २१ मधील मूळ विक्री प्रमाणपत्र लागते, म्हणून हे नियम आल्यानंतरच्या फाइलमध्ये आधी तेच पाहावे. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी वेगळा झाला, तेव्हा सावंतवाडी-कुडाळकडच्या त्याआधीच्या नोंदीसाठी रत्नागिरीत चौकशी करावी.

शेवटी लष्कराकडे माहिती अधिकाराचा अर्ज ऑनलाइन करावा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेल्यास कलम ६(३) प्रमाणे त्यांनीच तो पुढे पाठवायचा असतो. ‘वाहनाचा संपूर्ण इतिहास द्यावा’ असे लिहू नये. दोन्ही क्रमांक देऊन लष्कराने वाहन कधी घेतले, कोणत्या डेपोतून आणि कधी विकले, एवढेच विचारावे. वीस वर्षांपूर्वीची माहिती नाकारण्याची बहुतेक कारणे कलम ८(३) मुळे गळून पडत असली, तरी सुरक्षेच्या कारणाने नकार देऊ देणारे कलम ८(१)(क) तिलाही लागू राहते. त्यामुळे तुकडी आणि तैनातीचे प्रश्न वेगळ्या अर्जात घालावेत, म्हणजे एका नकारात सगळे अडकत नाही.

उत्तराची वाट पाहताना उघडी केलेली चॅसी तशीच ठेवू नये. त्याच संध्याकाळी ग्रीस चोपडावे. आमच्याकडच्या पावसाळी हवेत चार दिवसांत तिथे पुन्हा तांबूस थर चढतो.