जुनी हिमालयन घेताय? आधी साल विचारा

धुळे-जळगावकडे जुनी रॉयल एनफिल्ड हिमालयन मोटारसायकल बघायला गेलात तर किमतीआधी साल विचारा. 2016ची कार्ब्युरेटरवाली, 2017पासून फ्युएल इंजेक्शन. 2020च्या बीएस-6मध्ये (नव्या प्रदूषण नियमांची गाडी) मागचा एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, बंद करता येतो. सातपुड्यात खडीचा उतार लागला की त्याचं मोल कळतं. 2023 अखेरची लिक्विड कूल्ड 450 तर वेगळीच गाडी. मी 2020नंतरची, त्याआधीच्या 411 सीसी इंजिनाचीच घेईन.

सकाळी लवकर जा (मे महिन्यात आपल्याकडे दुपारी उभी गाडीही तापते) आणि इंजिनाला हात लावा. गरम लागलं तर मालकाने आधीच चालू करून ठेवलीय, म्हणजे थंड इंजिन सुरू व्हायला त्रास देतं का ते कळणार नाही. मग मेन स्टँडवर लावून कुणाला तरी मागून दाबायला सांगा, पुढचं चाक उचललं की हँडल हळू फिरवा. मध्यावर खटकन अडकलं तर कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंग) गेलाय. तेवढे पैसे कमी करून घ्या.